शेवटच्या महिन्यांत ओटीपोटात दुखतंय? घरी थांबायचं की दवाखाना गाठायचा?

आमच्या शाळेतली एक माजी विद्यार्थिनी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. आठवा महिना चालू होता. एका सकाळी ती अम्मीला म्हणाली, "पेट दुख रहा, और पानी भी जा रहा." अम्मीला वाटलं, सफेद पानी असेल. आपल्या घरांत अंगावरून पांढरं जाण्यालाही "पानी जाना"च म्हणतात. पोट दुखतंय ते गॅसमुळे असेल, म्हणून ओवा आणि काळं मीठ दिलं. पोरीला बरं वाटेना, पण घरात अब्बा, भाऊ, पाहुणे. पुन्हा सांगायची तिला लाज वाटली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अंगात ताप भरला, तेव्हा कुठं रिक्षा आली.

दवाखान्यात डॉक्टरांनी मराठीत विचारलं, "पाणी कधीपासून जातंय?" तेव्हा उलगडा झाला. बाळाभोवतीची पाणपिशवी आदल्या दिवशी सकाळीच फुटली होती, आणि पोटात दुखत होतं त्या कळा होत्या. बाळ त्याच रात्री झालं, वेळेच्या बरंच आधी. तीन आठवडे काचेच्या पेटीत राहिलं. अल्हम्दुलिल्लाह, आज ते अंगणवाडीत जातं. पण तो दीड दिवस आठवला की त्या माऊलीच्या डोळ्यांत अजून पाणी येतं.

आम्ही शिक्षक आहोत, डॉक्टर नाही. पण शाळेत माता-पालकांची सभा संपली की दोन-चार बाया मागे रेंगाळतात आणि हळूच हेच विचारतात. म्हणून हा लेख. दुखणं नेमकं कशाचं आहे, हे घरी बसून ओळखायला शिकवावं, असा आमचा हेतू नाही. ते डॉक्टरांचं काम. घरच्यांनी फक्त एवढं ओळखायचं, की हे दुखणं विश्रांतीनं थांबणारं आहे, आज दाखवण्याचं आहे, की या क्षणी निघण्याचं आहे.

आधी शब्द नीट समजून घेऊ

मराठीत ओटीपोट म्हणतात, त्याला उर्दूत पेडू म्हणतात. बेंबीच्या खालचा भाग, दोन्ही जांघांपर्यंत. आपल्या बायका मात्र वर दुखो, खाली दुखो, सरसकट "पेट दुख रहा" म्हणतात. त्यावरून डॉक्टरांना काहीच कळत नाही. बोट ठेवून दाखवावं, की इथं दुखतंय.

दुसरा शब्द "दर्द". मराठीत साधं दुखणं वेगळं आणि बाळंतपणाच्या कळा वेगळ्या. उर्दूत दोन्हींना दर्दच म्हणतात. म्हणून सांगताना असं सांगावं, की दुखणं सारखं आहे की येतं, थांबतं आणि पुन्हा येतं. येऊन-जाऊन दुखत असेल तर त्या कळा असू शकतात.

तिसरा शब्द "पानी". पांढरं जातं ते घट्ट, चिकट असतं. पाणपिशवीचं पाणी पातळ असतं, आपोआप वाहतं, कपडा भिजतो, आणि लघवीसारखं रोखून धरता येत नाही. कधी एकदम भळकन जातं, तर कधी थेंब थेंब झिरपत राहतं. शंका आली तर स्वच्छ कोरडा कपडा किंवा पॅड घ्यावं आणि तो तसाच दवाखान्यात न्यावा. रंग आणि वास पाहून डॉक्टरांना अंदाज येतो. कपडा पुरता भिजेपर्यंत घरी वाट पाहू नये.

बहुतेक दुखणी साधी असतात

घाबरवण्यासाठी आम्ही लिहीत नाही. सातव्या महिन्यानंतर ओटीपोटात थोडंफार दुखणं बहुतेक बायकांना होतं, आणि त्यामागे बऱ्याचदा शरीरातले नेहमीचे बदल असतात.

गर्भपिशवीला दोन्ही बाजूंनी दोरीसारखे बंध असतात. पिशवी वाढते तसे ते ताणले जातात. कूस बदलताना, खोकताना, पटकन उठताना जांघेत एका बाजूला चमक निघते आणि काही सेकंदांत थांबते. नमाज पढणाऱ्या बहिणींना सजद्यातून उठताना ही चमक हमखास जाणवते. हळू उठावं, हाताचा आधार घ्यावा, जमत नसेल तर खुर्चीवर बसून नमाज अदा करावी. अशा वेळी ती सवलत आहेच. झोपताना गुडघे वाकवून, मग कूस बदलावी.

दुसरं दुखणं समोरच्या हाडाचं. बाळंतपण जवळ आलं की कंबरेच्या हाडांचे सांधे सैल होतात. जिना चढताना, पाय फाकवताना, एका पायावर उभं राहून शलवार घालताना लघवीच्या जागेच्या वरच्या हाडात कळ येते. बसून कपडे घालावेत, जड बादल्या उचलू नयेत, झोपताना दोन गुडघ्यांमध्ये उशी घ्यावी. चालणंच कठीण झालं तर डॉक्टरांना सांगावं. त्यावर व्यायाम आणि पट्टा असे उपाय आहेत.

तिसरं कारण बद्धकोष्ठ आणि गॅस. वाढलेली पिशवी आतड्यांवर दाबते, त्यात लोहाच्या गोळ्यांनीही शौचाला घट्ट होतं. म्हणून गोळ्या परस्पर बंद करणाऱ्या बायका आम्ही पाहिल्यात. तसं करू नका. बाळंतपणात रक्त जातं, आणि अंगात रक्त आधीच कमी असेल तर जिवावर बेततं. पाणी भरपूर प्यावं, पालेभाजी, फळं, कोंड्यासकट पिठाची भाकरी-चपाती खावी. गोळी चहासोबत न घेता लिंबूपाण्यासोबत घ्यावी. तरीही त्रास असेल तर डॉक्टर गोळी बदलून देतात.

पहिलटकरणीचं पोट बाळंतपणाच्या दोन-चार आठवडे आधी खाली उतरतं. बाळाचं डोकं कंबरेच्या हाडांत बसतं. श्वास मोकळा होतो, पण ओटीपोटात जडपणा येतो आणि लघवीला सारखं जावं लागतं. हेही नैसर्गिकच आहे.

खोट्या कळा आणि खऱ्या कळा

पोट मधूनच कडक होतं आणि पुन्हा सैल पडतं. या खोट्या कळा. जॉन ब्रॅक्स्टन हिक्स या इंग्रज डॉक्टरांनी १८७२ मध्ये त्यांचं वर्णन केलं, म्हणून डॉक्टर आजही त्यांचंच नाव घेतात. दिवसभर उभं राहिलं, पाणी कमी प्यालं, लघवी तुंबवून ठेवली, की त्या जास्त येतात. लघवीला जाऊन यावं, दोन पेले पाणी प्यावं, डाव्या कुशीवर पडावं. खोट्या कळा तासाभरात विरतात.

खऱ्या कळा विश्रांतीनं थांबत नाहीत. त्या ठरावीक अंतरानं येतात, दोन कळांमधलं अंतर कमी होत जातं आणि प्रत्येक कळ आधीपेक्षा जोरात येते. बऱ्याचदा कंबरेतून सुरू होऊन ओटीपोटाकडे येतात. सोबत रक्ताची झाक असलेला चिकट स्राव जाऊ शकतो. मोबाइलमध्ये घड्याळ आहेच. कळ कधी आली, किती वेळ राहिली, पुढची कधी आली, हे कागदावर लिहून ठेवायला नवऱ्याला सांगा. हे काम पुरुषांना छान जमतं.

दिवस भरलेले असतील आणि पहिलं बाळंतपण असेल तर साधारण पाच-पाच मिनिटांवर कळा येऊ लागल्या की दवाखान्यात असायला हवं. पण हे दवाखाना जवळ असणाऱ्यांसाठी. वस्ती दूर असेल, रस्ता खराब असेल किंवा दुसरं-तिसरं बाळंतपण असेल तर त्याच्या बरंच आधी निघावं. दुसऱ्या वेळी बाळंतपण लवकर होतं.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. हा हिशेब फक्त दिवस भरलेल्या बाईसाठी आहे. डॉक्टर महिने मोजत नाहीत, आठवडे मोजतात, आणि शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. पूर्ण दिवस म्हणजे ४० आठवडे. ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी नियमित कळा आल्या तर ते अपुऱ्या दिवसांचं बाळंतपण. तेव्हा पाच मिनिटांची वाट पाहायची नसते. तासाभरात चार-सहा वेळा पोट कडक होत असेल, पाळीसारखं ओटीपोट दुखत असेल, कंबर भरून येत असेल, तरी लगेच निघावं.

कारण तिथं डॉक्टरांच्या हातात काही असतं. बाळ ३४ आठवड्यांच्या आतलं असेल तर त्याची फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून आईला इंजेक्शनं देतात. त्यांचा पूर्ण गुण यायला साधारण एक दिवस लागतो. आमच्या त्या विद्यार्थिनीच्या घरी नेमका तोच दिवस ओव्यात गेला.

आणखी एक. "सातव्या महिन्याचं जगतं, आठव्याचं जगत नाही," असं आपल्या जुन्या बायका म्हणतात. यात तथ्य नाही. बाळ पोटात जितके आठवडे जास्त राहील, तितकं ते सशक्त. आठव्या महिन्यात कळा आल्या म्हणून हात टेकून बसू नका.

आजच दाखवावं असं दुखणं

लघवीच्या जागी जंतू होणं हे गरोदरपणात फार आढळतं. पिशवीच्या दाबानं लघवी पूर्ण सुटत नाही, साचून राहते, आणि त्यात जंतू वाढतात. त्यातच संडास लांब आहे, लग्नाघरी जायचंय, प्रवास आहे, म्हणून आपल्या बायका पाणीच पीत नाहीत. मग ओटीपोटात दुखतं, सारखं जावंसं वाटतं, जळजळ होते. घरी म्हणतात, "उन्हाळी लागली, सब्जा पी." सब्जानं थंड वाटेल, पण जंतू जाणार नाहीत. कधी कधी तर जळजळ होतही नाही, फक्त पेडू दुखतं. जंतू वर मूत्रपिंडापर्यंत गेले तर थंडी वाजून ताप येतो, पाठीत बरगडीखाली दुखतं आणि त्यातून वेळेआधी कळाही सुरू होऊ शकतात. लघवीची एक साधी तपासणी आणि डॉक्टरांनी दिलेला औषधांचा पूर्ण कोर्स, एवढ्यानं हे टळतं. दोन दिवसांत बरं वाटलं म्हणून गोळ्या सोडू नका.

रमजान उन्हाळ्यात येतो तेव्हा हा त्रास वाढतो. गरोदर बाईला स्वतःच्या किंवा बाळाच्या तब्येतीची भीती असेल तर रोजा न ठेवण्याची सवलत आहे. मसल्याचे बारकावे आपल्या आलिमांना विचारा, तब्येतीचे डॉक्टरांना. पण रोज्यात पोट सारखं कडक होत असेल, लघवी गडद आणि कमी होत असेल, चक्कर येत असेल, तर घरातल्यांनी "एवढा पूर्ण कर" म्हणू नये.

मूतखडा आणि अपेंडिक्स गरोदरपणातही होतात. अपेंडिक्स वाढलेल्या पिशवीमुळे वर सरकू शकतं, म्हणून दुखणं उजवीकडे, पण नेहमीपेक्षा वर असू शकतं. सोबत उलट्या, ताप, जेवण नको वाटणं. आधीपासून पिशवीत गाठ असेल तर तीही या दिवसांत दुखू शकते. यातलं काहीही घरी ओळखू येत नाही. दुखणं वाढतच चाललंय, एवढं कारण दाखवायला पुरेसं आहे.

या क्षणी निघावं असं दुखणं

खालीलपैकी एकही गोष्ट दिसली तर स्वयंपाक, नमाज, पाहुणे, नवऱ्याची वाट, काहीही मध्ये आणू नये.

१) पोट लाकडासारखं कडक झालंय, मध्ये सैल पडतच नाही, आणि सतत दुखतंय. बाळाला रक्त पुरवणारी वार वेळेआधी सुटत असण्याची ही खूण आहे. ब्लड प्रेशर जास्त असेल, पडलं-झडलं असेल किंवा पोटावर मार लागला असेल तर हा धोका वाढतो. कधी कधी रक्त आत साचतं आणि बाहेर एक थेंबही दिसत नाही. म्हणून "रक्त नाही ना, मग ठीक" असं समजू नये.

२) अंगावरून रक्त जातंय. दुखत असो वा नसो. वार खाली बसलेली असेल तर काहीही न दुखता लालभडक रक्त जातं, आणि ते तितकंच धोक्याचं आहे.

३) आधी सिझेरियन झालंय आणि जुन्या टाक्यांच्या जागी सतत, कळ नसतानाही दुखतंय. आतला टाका उसवण्याची भीती असते. अशा बाईचं बाळंतपण ऑपरेशनची सोय असलेल्या दवाखान्यातच व्हायला हवं.

४) पाणी गेलंय. ते हिरवट किंवा घाण वासाचं असेल, सोबत ताप असेल, तर जास्तच घाई.

५) बाळाची हालचाल कमी झालीय किंवा थांबलीय. डाव्या कुशीवर शांत पडून मोजावं. दोन तासांत दहा हालचाली जाणवल्या नाहीत तर निघावं. "बाळ झोपलं असेल, सकाळी बघू" असं म्हणू नये.

६) छातीखाली मधोमध किंवा उजव्या बरगडीखाली दुखतंय, डोकं ठणकतंय, डोळ्यांसमोर अंधारी किंवा चमक येतेय, तोंड-हात सुजलेत. हे ओटीपोटाचं नाही, पण इथं सांगायलाच हवं, कारण घरोघरी याला ॲसिडिटी म्हणतात. हे वाढलेल्या ब्लड प्रेशरचं लक्षण असू शकतं, आणि पुढे झटके येऊ शकतात.

घरी काय करू नये

पोट चोळून घेऊ नये, दाईकडून दाबून घेऊ नये. कळा याव्यात म्हणून एरंडेल पिऊ नये. घरात पडलेली दुखण्याची गोळी तर मुळीच घेऊ नये. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या गोळ्या या दिवसांत बाळाच्या हृदयावर आणि मूत्रपिंडावर परिणाम करू शकतात. मेडिकलवाल्याला "पोटदुखीची गोळी द्या" म्हणताना गरोदर आहे हे पुष्कळदा सांगितलंच जात नाही. तीव्र दुखत असेल तर वाटेत काही खाऊ-पिऊही घालू नये, ऑपरेशनची गरज पडू शकते.

उशीर कुठं होतो?

बाळंतपणात दगावणाऱ्या स्त्रियांचा अभ्यास करणारे तज्ज्ञ तीन उशीर सांगतात. निर्णय घ्यायला उशीर, दवाखान्यात पोहोचायला उशीर, आणि पोहोचल्यावर उपचार मिळायला उशीर. शेवटचा उशीर आपल्या हातात नाही. पहिला पूर्णपणे आपल्या हातात आहे.

आमच्या पाहण्यात तो असा होतो. सून सासूला सांगते, सासू म्हणते आम्हालाही दुखायचं. मुलगा कामावर, त्याला फोन कशाला. ससऱ्यांना कोण सांगणार. लेडी डॉक्टर आज नाहीत, उद्या जाऊ. लेडी डॉक्टरचा आग्रह आम्हाला समजतो, आणि नेहमीच्या तपासणीला तो जरूर धरावा. पण जिवावर बेतलेलं असताना जो डॉक्टर हजर असेल त्याच्याकडून उपचार घेण्याची मुभा शरीयत देते. एकदा आपल्या मशिदीतल्या इमामसाहेबांना विचारून घ्या, आणि घरातल्या पुरुषांनाही ऐकू द्या.

म्हणून सातवा महिना लागला की घरात बसून चार गोष्टी ठरवून टाका.

पहिली, गाडी. सरकारी १०२ आणि १०८ हे रुग्णवाहिकेचे नंबर सगळ्यांच्या मोबाइलमध्ये हवेत. शेजारच्या रिक्षावाल्याचाही नंबर हवा, रात्रीचा.

दुसरी, कागद. माता-बाल संरक्षण कार्ड, सोनोग्राफीचे रिपोर्ट, रक्तगट, आधार कार्ड, सगळं एका पिशवीत दाराजवळ. माहेरी जाताना ही पिशवी सासरी राहते आणि मग डॉक्टरांना काहीच माहिती मिळत नाही, असं फार होतं.

तिसरी, पैसे आणि रक्त. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, तपासण्या, रक्त आणि जाण्या-येण्याची गाडी मोफत आहे. पैसे नाहीत म्हणून थांबायचं कारण नाही. तरी रक्त देऊ शकतील अशा दोन माणसांना सांगून ठेवा. शिवाय दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर मातांची मोफत तपासणी असते. आपल्या मोहल्ल्यातल्या आशाताईंना विचारा, त्या सोबत येतात.

चौथी, हुकूम. घरातल्या मोठ्या माणसानं सगळ्यांसमोर सांगून टाकावं: "तिला जावंसं वाटलं की जायचं. कुणाला विचारायचं नाही." दवाखान्यात जाऊन काही निघालं नाही, डॉक्टर म्हणाले खोट्या कळा आहेत, घरी जा, तर त्यात हसण्यासारखं काही नाही. रिक्षाचे शंभर-दोनशे रुपये गेले, एवढंच.

घरातल्यांनी विचारायचे चार प्रश्न

बाईनं पोट दुखतंय म्हटलं की ओवा शोधण्याआधी एवढंच विचारा. कुठं दुखतंय, बोट ठेवून दाखव. सारखं दुखतंय की येऊन-जाऊन? सोबत काय आहे: पाणी, रक्त, ताप, जळजळ? आणि बाळ हलतंय का?

सासूनं विचारावं, आईनं विचारावं, नवऱ्यानं तर विचारावंच. आमच्या त्या विद्यार्थिनीला कुणी "पानी कैसा है, सफेद कि पतला?" एवढं विचारलं असतं, तरी दीड दिवस वाचला असता. ती आता स्वतः मोहल्ल्यातल्या पोरींना हे विचारत फिरते. तुमच्या घरात, शेजारात कुणाला सातवा-आठवा-नववा चालू असेल, तर आज संध्याकाळी तिच्याकडे जा आणि हे चार प्रश्न तिच्या घरच्यांना तोंडपाठ करून द्या.